केळ्यावरचे ठिपके आणि गालावरचे डाग

पिकलेल्या केळ्याच्या सालीवर काळपट ठिपके का पडतात? सालीत टायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते रंगद्रव्य तयार करतं म्हणून. आणि मुरूम बसल्यावर गालावर काळा डाग का राहतो? तिथेही टायरोसिनेजच! २०१६ साली स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी त्वचेचा कर्करोग ओळखण्याची एक पद्धत माणसांकडे वळण्याआधी चक्क केळ्याच्या सालींवर तपासून पाहिली, कारण दोन्हीकडचं एन्झाइम एकच. त्याच २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा डागांबद्दल बोलायचा पहिला मान खान्देशाचाच!

लगेच पुढचा प्रश्न येतोच: मग सालीची आतली बाजू गालावर चोळली तर डाग जातात का? नाही जात. साल मऊ असते, थोडा ओलावा देते, एवढंच. ज्यांना फुगा किंवा रबरी हातमोजा लागला की खाज सुटते, त्यांनी मात्र केळ्यापासूनही सांभाळून राहावं. रबराची ॲलर्जी आणि केळ्याची ॲलर्जी अनेकदा जोडीनं येतात.

आता मुक्काम पोस्ट दीपनगर. भुसावळजवळचं औष्णिक वीज केंद्र, त्याची वसाहत, लांबून दिसणाऱ्या उंच चिमण्या. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बायका भिशीला जमोत की हळदीकुंकवाला, गप्पांची गाडी वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, येतेच. कुणी जायफळ सांगते, कुणी लिंबू, कुणी मेडिकलमधून आणलेली ट्यूब. हाच प्रश्न शिकागोतल्या, लागोसमधल्या, जोहान्सबर्गमधल्या कृष्णवर्णीय बायकांनाही सतावतो. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असलं की प्रत्येक मुरूम, प्रत्येक ओरखडा, प्रत्येक भाजणं जाताना काळी खूण ठेवून जातं. म्हणून घरातला कुठलाही उपाय मी एकाच कसोटीला लावते: चरचरतं का? जे चरचरतं, ते सावळ्या त्वचेवर डाग वाढवतं.

वांग्याला लिंबू चालतं, गालाला नाही

भाजीसाठी वांगं चिरलं की फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात, हे खान्देशातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. फोडी काळ्या करणारं एन्झाइम म्हणजे पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, टायरोसिनेजचं सख्खं भावंड. दोघांच्याही गाभ्यात तांब्याचे अणू बसलेले. फोडींवर लिंबू पिळलं तर आम्लामुळे हे एन्झाइम मंदावतं आणि फोडी पांढऱ्या राहतात.

वांग्याला जमलं ते गालाला का नाही? कारण गाल जिवंत आहे. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. सामूच्या पट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट फरक, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा हजारपट आंबट! त्वचेचं वरचं कवच दुखावतं, आग होते, आणि आग शमली की तिथे नवा डाग.

खरी गोची तर पुढे आहे. लिंबाच्या सालीत, आणि पिळताना तिच्यातून रसात, फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं येतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते. कधी फोड येतात, मग काळपट पट्टे उमटतात आणि ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने जात नाहीत. परदेशात उन्हात उभं राहून सरबतं-कॉकटेलं बनवणाऱ्यांच्या हातांवर असे पट्टे कधीकधी दिसतात. वैद्यकात याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. लिंबू लावून भर उन्हात गच्चीवर पापड वाळत घालायला जाणं म्हणजे डागाला आमंत्रण.

याच रसायनांच्या कुळातलं एक नाव आहे सोरॅलेन, आणि ते सापडतं आपल्या बावचीत! कोडाच्या पांढऱ्या डागात पुन्हा रंग भरावा म्हणून बावची शतकानुशतकं वापरली गेली. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही सोरॅलेन देऊन वर अतिनील किरणांचा शेक देतात. रंग आणण्यासाठी वैद्य आणि डॉक्टर जे वापरतात, त्याचंच भावंड आपण रंग घालवायला चेहऱ्यावर चोळतो. लिंबू वरणावर पिळा, पोह्यांवर पिळा, चेहऱ्यावर नको.

१९७५: एका वर्षात चार गोष्टी

डागांच्या इतिहासात हे साल गमतीचं आहे आणि गंभीरही.

एक. अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडणारी मोजपट्टी मांडली. सोरॅलेन आणि किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवायला ती हवी होती. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. तपकिरी त्वचेचा पाचवा आणि काळ्या त्वचेचा सहावा प्रकार मागाहून जोडला गेला. जगातल्या प्रचंड लोकसंख्येची त्वचा मोजपट्टीत मागाहून यावी, हे मला अजूनही टोचतं.

दोन. हिंदुस्थान लिव्हरनं भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ यायला २०२० साल उजाडावं लागलं.

तीन. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण प्रसिद्ध केलं. वांगावर आजही डॉक्टर लिहून देतात त्या तिहेरी क्रीमचा हा मूळपुरुष.

चार. दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली की हायड्रोक्विनोनची तीव्र क्रीमं वर्षानुवर्षं लावणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग उठताहेत. या विकाराचं नाव ऑक्रोनोसिस. डाग घालवायला लावलेल्या औषधानंच कायमचे डाग पडले! १९९० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेनं सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी घातली. अमेरिकेत ते २०२० पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

हायड्रोक्विनोनच्या कुळाचा रंग घालवणारा गुण कळला तो अपघातानं. १९३९ साली अमेरिकेतल्या एका कातडी कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे आढळले. चट्टे नेमके कुठपर्यंत? रबरी हातमोजे जिथपर्यंत पोचत तिथपर्यंत! रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनानं त्वचेचा रंग खाल्ला होता.

रंगपेशी सगळ्यांना सारख्याच

गोरी, सावळी, काळी, कुठलीही त्वचा घ्या. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती मेलॅनिन बनवतात, त्याचे कण किती मोठे असतात आणि ते किती काळ टिकतात, यात. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमतात आणि आतला डीएनए उन्हापासून वाचवतात.

१९७९ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजमाप झालं: काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं स्वतःचं संरक्षण एसपीएफ १३.४ इतकं, गोऱ्या त्वचेचं ३.४. म्हणजे सावळी लेक जन्माला येते तीच अंगावर सनस्क्रीन घेऊन. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यातला ‘पण’ आता तरी काढून टाका, माझी कळकळीची विनंती आहे.

मात्र हे उपजत संरक्षण डाग रोखायला पुरत नाही. त्वचा जळत नाही म्हणून बाई निर्धास्त राहते, आणि वांग मात्र ऊन खाऊन गडद होत राहतं.

कृष्णवर्णीय बायकांच्या डागांचा स्वतंत्र विचार व्हायलाही फार उशीर झाला. डॉ. सुझन टेलर यांनी न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली सावळ्या-काळ्या त्वचेसाठी वेगळं केंद्र उभारलं आणि २००४ साली त्याच विषयाची तज्ज्ञांची संस्था. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंदे या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की पुस्तकातली पुरळाची चित्रं सगळी गोऱ्या कातडीवरची आहेत. २०२० साली त्यानं दोन शिक्षकांच्या साथीनं काळ्या त्वचेवर तोच आजार कसा दिसतो ते दाखवणारी पुस्तिका काढली. गोऱ्या गालावर जे लाल दिसतं, ते आपल्याकडे जांभळट किंवा राखाडी दिसतं. आई म्हणते लाली नाही, म्हणजे काही नाही. पण आत दाह चालू असतो.

मेमधलं ऊन, खापराची धग

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील किरणांचा निर्देशांक ११ किंवा जास्त झाला की त्याला ‘अतितीव्र’ म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात भरदुपारी तो तिथे पोचतो. वांगाला ऊन नको हे सगळे सांगतात. धगही नको, हे कमी सांगितलं जातं. उष्णतेनंही वांग चेततं. चुलीवर खापर उपडं घालून मांडे भाजणाऱ्या, पऱ्हाटीच्या जाळावर भरीताची वांगी भाजणाऱ्या बाईचा चेहरा तास-दोन तास त्या धगीत असतो. चेहरा जाळापासून हातभर लांब ठेवणं आणि मधूनमधून गार पाण्याचा ओला रुमाल फिरवणं हा फुकटातला उपाय, आणि लिंबापेक्षा कितीतरी गुणाचा.

स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, ते उत्तमच. पण पातळ पांढरं सुती कापड फारसं ऊन अडवत नाही आणि घामानं भिजलं की आणखी कमी. वीण घट्ट आणि रंग गडद असेल तर संरक्षण वाढतं. कापूस वेचणाऱ्या बायका डोक्यावरून पदर घेऊन वर गडद रुमाल बांधतात, त्यात शहाणपण आहे.

काचेआड बसलो म्हणजे वाचलो असंही नाही. काच यूव्ही-बी किरणं अडवते, यूव्ही-ए बरीचशी आत सोडते. २०१२ साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं गाडी चालवून त्याची खिडकीकडची अर्धी बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती! भुसावळ ते जळगाव रोज ये-जा करणाऱ्यांनी खिडकीची बाजू बदलत राहायला हरकत नाही.

गेरू, चक्क गेरू!

सावळ्या त्वचेवर डाग गडद करणारा एक गुन्हेगार साध्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशच आहे, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. अडवतो कोण? लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गेरूला लाल रंग देणारं तेच द्रव्य. म्हणून वांगासाठी त्वचातज्ज्ञ हल्ली रंगीत, मातकट छटेचं सनस्क्रीन सुचवतात. ते आपल्या रंगात मिसळतं आणि पांढरा थरही दिसत नाही.

नामिबियातल्या हिंबा बायका कित्येक पिढ्या लोणी आणि लाल गेरू कालवून अंगाला लावतात. २०१५ मध्ये संशोधकांनी गेरूचं संरक्षण माणसाच्या त्वचेवर मोजलं आणि त्यात उन्हापासून वाचवण्याचा गुण खरोखर निघाला. कुंडी रंगवायचा गेरू मात्र तोंडाला लावू नका, त्यात कुठली खनिजं मिसळलेली असतील सांगता येत नाही. औषधाच्या दुकानातली लोह-ऑक्साइडवाली ट्यूबच घ्या.

एसपीएफचं गणितही मजेशीर आहे. ३० वालं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्ही-बी अडवतं, ५० वालं ९८ टक्के. आकड्यामागे पैसे घालण्यापेक्षा हात सैल सोडा: चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

हळदीचा खटला

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना हळदीनं जखम भरते यावर पेटंट मिळालं. आपल्या आज्यांचं ज्ञान दुसऱ्याच्या नावावर! सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, यांनी त्या पेटंटला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले गेले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. घरगुती उपायाच्या हक्कासाठी एवढी मोठी लढाई जिंकलेली आपली माणसं आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

हळद दाह कमी करते हे खरं. पण तिच्यातलं कुरकुमिन त्वचेत फार खोल शिरत नाही, त्यामुळे जुना डाग पुसण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. हळदीचा डाग साडीवर पडला आणि साबण लागला की लाल होतो, ते का? अल्कात कुरकुमिन लाल होतं. हळदीला चुन्याचा हात लावून कुंकू याच युक्तीनं बनतं. आणि तोच डाग उन्हात वाळत घातला की उडतो, कारण कुरकुमिनला ऊन सोसत नाही.

चेहऱ्याला लावायची हळद अख्खं हळकुंड आणून घरी कुटलेली असावी. पिवळाजर्द रंग दिसावा म्हणून सुट्या पुडीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं रसायन, मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. हळदीचीही ॲलर्जी असते.

स्वयंपाकघरातले झटपट निकाल

जायफळ: सहाणेवर दुधात उगाळून वांगाला लावायची आजीची रीत. त्यातली तेलं उष्ण, अनेकींना चरचरतं. चरचरलं की लगेच धुवा, आणि पुन्हा लावू नका.

दही, ताक, साय: दह्यात लॅक्टिक आम्ल. १७८० साली स्वीडनच्या शेले यांनी ते नासलेल्या दुधातून वेगळं काढलं, आज पार्लरमधल्या आणि दवाखान्यातल्या पीलमध्येही तेच असतं. दही फार सौम्य, दहा मिनिटं ठेवून धुतलं तर चालेल. सायीनं कोरडेपणा जातो, आणि कोरडी त्वचा खाजवली जात नाही म्हणून नवे डाग टळतात.

मसूर डाळीचं पीठ: मऊ दळलेलं असेल आणि हलक्या हातानं लावलं तर ठीक. जाडंभरडं पीठ घेऊन रगडू नका.

कोरफड: पात कापली की आधी पिवळा चीक निथळू द्या, तो आग करतो. आतला गर शांतवणारा, उन्हातून आल्यावर छान.

ज्येष्ठमध: या यादीतला माझा लाडका. त्यातलं ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला आवर घालतं, म्हणून डागांवरच्या अनेक क्रीममध्ये ज्येष्ठमधाचा अर्क असतो. घरच्या लेपात त्याची मात्रा कमी पडते, तरी त्रास सहसा नाही.

बटाट्याची चकती: गार वाटते, बस्स.

टूथपेस्ट आणि खायचा सोडा: मुरुमावर अजिबात नाही. दोन्हींनी त्वचा दुखावते आणि मुरूम जाऊन डाग मुक्कामाला येतो.

मळ नाही तो

मान काळी, काखा काळ्या, हात लावला तर मखमलीसारखं जाड. आई रागावते, ‘नीट घासत नाहीस!’ मुलगी बिचारी वज्रीनं घासून घासून सोलून निघते. हा मळ नसतो. बहुतेक वेळा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, नाव ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स. घासणं बंद करा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. वजन थोडं उतरलं, चालणं वाढलं, की मान आपोआप उजळलेली अनेकींनी पाहिली आहे. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

बोटांची पेरं काळी पडली आहेत? शाकाहारी घरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. बी-१२ जीवनसत्त्व कमी झालं की पेरं, तळवे काळवंडतात. भारतातल्या डॉक्टरांना ही खूण जुनी परिचयाची आहे. मुंग्या येणं, जीभ गुळगुळीत होणं सोबत असेल तर रक्त तपासाच. आणि गोड बातमी: बी-१२ भरून काढलं की हा काळेपणा काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो.

पाठीवर, दंडांवर, नडग्यांवर लहरींसारखे तपकिरी पट्टे असतील तर न्हाणीघरातली नायलॉनची घासणी बघा. रोजच्या रगडण्यानं अशा ठिकाणी मॅक्युलर अमायलॉयडोसिस नावाचा विकार बळावतो. घासणी फेका, तळहातानं साबण लावा. दिवाळीचं उटणंसुद्धा चोळायचं ते मायेनं, भांडं घासल्यासारखं नाही.

टिकलीखाली काय दडलंय?

चिकटणाऱ्या टिकलीच्या काही गोंदांत एक रसायन असतं, त्यानं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. बाजारातल्या रासायनिक कुंकवातल्या रंगांनी उलट काळा डाग पडतो. केस काळे करण्याच्या रंगातल्या पीपीडी या रसायनानं कपाळाच्या कडेला, कानांमागे राखाडी काळसरपणा येतो. घरी बसून चेहऱ्यावर दहा लेप लावण्याआधी टिकली, कुंकू आणि केसांचा रंग महिनाभर बाजूला ठेवून बघा.

शेजारणीनं दिलेली ट्यूब

इथे मी थांबून, शांतपणे, अगदी पोटतिडकीनं सांगते. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या अनेक ‘डागांच्या’ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. तीन-चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती शेजारणीला, नणंदेला, भाचीला दिली जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, मुरूम उसळतात, गालावर केस येतात, आणि ट्यूब थांबवली की आगडोंब. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा’ असं स्वतंत्र नावच दिलं आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा अनेक स्टेरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये टाकलं. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या अकोल्यातली घटना गाजली: एका विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी एकच उजळवणारं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयानं शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा टायरोसिनेजला बंद पाडतो म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. डबीवर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ती डबी कितीही प्रेमानं दिलेली असो, परत करा.

शिबं, रक्तस्राव आणि तांदळाची बुरशी

डागांवरची चांगली औषधं कुठून कुठून आली बघा. पाठीवर येणाऱ्या शिब्यांमुळे पांढरे ठिपके का पडतात, हे शोधताना सत्तरच्या दशकात इटलीतल्या संशोधकांच्या हाती ॲझेलेइक आम्ल लागलं. आज ते मुरूम आणि डाग दोन्हींवर वापरतात, आणि गरोदरपणातही डॉक्टर ते देऊ शकतात.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल जपानच्या उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या पतीनं १९६२ साली शोधलं, कशासाठी? बाळंतपणातला रक्तस्राव थांबवण्यासाठी! १९७९ साली जपानमध्येच त्याचा वांगावरचा गुण लक्षात आला. गोळी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बघूनच द्यावी लागते, तेव्हा स्वतःहून कधीही नाही.

आणि कोजिक आम्ल? जपानी तांदळाची दारू आंबवणाऱ्या बुरशीतून आलेलं. ते टायरोसिनेजमधलं तांबं पकडून ठेवतं. चिरलेली फळं काळी पडू नयेत म्हणूनही ते वापरलं गेलं. म्हणजे पुन्हा आपण वांग्याच्या फोडीपाशी आलो.

गरोदर असाल तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही टाळा. गरोदरपणात उठलेलं वांग अनेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकं होतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते उठू शकतं, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

अंगठ्याचा डाग

बॉब मार्ली हा जमैकाचा जगप्रसिद्ध गायक. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला; १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. काळ्या-सावळ्या त्वचेत हा कर्करोग कमी होतो, पण झालाच तर बऱ्याचदा तळवे, तळपाय, नखाखाली दडतो. नखावर नवीन काळी रेघ, तळपायावर वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला डाग दिसला तर कुठलाही लेप नको. त्याच आठवड्यात दवाखाना.

किती दिवस लागतील?

त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. त्यामुळे तपकिरी, वरवरचा डाग फिका पडायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही. राखाडी-निळसर डागाचा रंग खोल उतरलेला असतो, त्याला वर्षं लागतात. सात दिवसांत डाग गायब करणारी गोष्ट बहुधा एक तर स्टेरॉइड असते नाहीतर पारा. फोटो रोज काढू नका, महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात काढा.

सहा महिने ऊन सांभाळूनही फरक पडला नाही तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना पिशवीत घ्या: आजवर चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी. सध्याच्या टिकलीचं पाकीट, केसांच्या रंगाचा डबा, चालू गोळ्यांची पट्टी. साखर आणि बी-१२ चा रिपोर्ट असेल तर तोही. चेहऱ्यावर पावडर किंवा क्रीम न लावता जा, म्हणजे डॉक्टरांना डागाचा खरा रंग दिसेल.